एक जिंकली, १६१ बाकी

२७ मार्च २०२५ रोजी शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाने मोसमातल्या पहिल्याच सामन्यात लॉस एंजेलिस एंजल्सला ८-१ असं लोळवलं. आदल्या वर्षी याच संघाने १६२पैकी १२१ सामने गमावले होते. आधुनिक बेसबॉलमध्ये एका मोसमात इतकी हार कुणाच्याच वाट्याला आलेली नाही. त्यामुळे त्या दिवशी चाहत्यांना आभाळ ठेंगणं झालं असेल, तर नवल नाही. गुणतक्त्यात विजयाचं प्रमाण चक्क शंभर टक्के!

पण या एका विजयातून संघाबद्दल नवीन कळलं किती?

बेसबॉलमधली आकडेमोड करणारी मंडळी यासाठी एक युक्ती वापरतात. संघाच्या कामगिरीत साधारण ७० काल्पनिक सामने मिसळायचे, ३५ जिंकलेले आणि ३५ हरलेले. पहिला सामना जिंकला, की हिशेब होतो ७१पैकी ३६, म्हणजे ५०.७ टक्के. सामन्याआधी ५० होते. भर पडली ती एवढीच.

एवढे ७० सामने मिसळायचे, कारण या खेळात नशिबाचा वाटा मोठा. बॅट गोल, चेंडूही गोल. फटका काही मिलिमीटर वर-खाली बसला, की षटकारासारख्या होम रनचा सोपा झेल होतो. प्रत्येक सामना नाणेफेकीवर सोडला, तरी १६२ सामन्यांत सहाएक विजय इकडचे तिकडे सहज होतात. कौशल्याचं पारडं नशिबाच्या बरोबरीला यायलाच सत्तरेक सामने जावे लागतात. व्हाइट सॉक्सचंच बघा, पहिला सामना जिंकूनही २०२५चा मोसम त्यांनी ६० विजय आणि १०२ पराभवांवर संपवला.

२०२३मध्ये टँपा बे रेजने पहिले १३ सामने ओळीने जिंकले. युक्तीप्रमाणे ८३पैकी ४८, म्हणजे ५७.८ टक्के. उरलेल्या १४९पैकी त्यांनी ८६ जिंकले, ५७.७ टक्के! हा मेळ जरा जास्तच देखणा आहे, नेहमी असं जमत नाही. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स एप्रिलअखेर २०-९ असे तोऱ्यात होते. हिशेबाने पुढे ५५ टक्क्यांच्या आसपास राहायला हवे होते, प्रत्यक्षात ४२वर घसरले.

मग चाहता एवढा हुरळतो का? मेंदू गुणतक्ता बघत नाही, अपेक्षेशी तुलना करतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की अवचित रस मिळाला तर मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या पेशी जोरात चेततात. रस येणार हे आधीच कळलं असेल, तर तो मिळाल्यावर त्या ढिम्म राहतात. आणि ठरलेला रस आलाच नाही, तर त्यांचा वेग मंदावतो. १२१ पराभव पचवलेल्या माणसाला विजय हा अवचितच मिळालेला रस.

उलट टोकाचा नमुना आपल्याकडेच आहे. मुंबई इंडियन्सने २०१३ ते २०२५ या काळात प्रत्येक आयपीएलचा पहिला सामना गमावला आणि त्याच काळात पाच वेळा करंडकही उचलला. साखळीत सामने जेमतेम १४, म्हणजे एकेका पराभवाचं वजन बेसबॉलपेक्षा कितीतरी जास्त. तरी आपले चाहते ‘पहिली मॅच देवाला’ म्हणतात आणि निवांत जेवायला बसतात.