गेममधला लॅग आणि रॉकेटचं लँडिंग

ऑनलाइन गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त डोकं कशाने फिरतं, उत्तर एकच येईल, लॅग. आपण बटण दाबलेलं असतं पण गेमला ते कळेपर्यंत समोरच्याने आपला खेळ खल्लास केलेला असतो. ग्राफिक्स थोडे कमी असले तरी चालतात, लॅग अजिबात चालत नाही. आणि माझं तर स्पष्ट मत आहे की प्रायव्हेट कंपन्यांची रॉकेट्स हल्ली उभीच्या उभी खाली उतरतात ना, त्यातलं एक मोठं दुखणं हेच आहे. इंजिन किती ताकदवान यावर सगळे बोलतात, सॉफ्टवेअरबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

जॉन कारमॅक हे नाव गेमिंगवाल्यांना नव्याने सांगायला नको. 1993 साली आलेल्या डूम या गेमचा मुख्य प्रोग्रामर. डूममध्ये गेमचं सगळं गणित सेकंदाला 35 वेळा व्हायचं, म्हणजे खेळणाऱ्याने कुठलं बटण दाबलंय ते बघायचं, राक्षस कुठे सरकले ते काढायचं, गोळी लागली का ते तपासायचं आणि परत पहिल्यापासून सुरू. याला गेम लूप म्हणतात. तर याच माणसाने 2000 साली टेक्सासमध्ये आर्माडिलो एरोस्पेस ही रॉकेट बनवणारी कंपनी सुरू केली, पदरचे पैसे घालून, सोबत थोडे हौशी लोक घेऊन, आणि रॉकेटच्या कंट्रोलचं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं.

आता रॉकेटमध्ये तरी वेगळं काय चालतं? सेन्सर सांगतो रॉकेट किती कललंय, किती जोरात फिरतंय, जीपीएस सांगतं कुठे आहे, कॉम्प्युटर हिशोब करतो, इंजिनाला आणि व्हॉल्व्हला हुकूम देतो, की लगेच पुढची फेरी. तळहातावर झाडू उभा धरून बघा, तो पडायला लागल्यावर हात हलवला तर उशीर झालेला असतो, पडायच्या आधीच हलवावा लागतो. रॉकेटचं अगदी तसंच. त्यात व्हॉल्व्ह उघडायला वेळ लागतो, इंजिनाचा जोर वाढायलाही वेळ लागतो, म्हणून सॉफ्टवेअरला आत्ता काय चाललंय एवढं बघून भागत नाही, आपला हुकूम लागू होईल तेव्हा रॉकेट कुठे असेल याचा अंदाज बांधूनच हुकूम द्यावा लागतो. तो अंदाज चुकला की रॉकेट आधी या बाजूला, मग त्या बाजूला, दर वेळी जास्तच झुकत जातं आणि शेवटी आडवं होतं.

नासाच्या पैशावर चाललेल्या लूनर लँडर चॅलेंज या स्पर्धेत हेच करून दाखवायचं होतं. पहिल्या लेव्हलला 50 मीटर वर जायचं, 100 मीटर बाजूला सरकायचं, एकूण 90 सेकंद हवेत राहून उतरायचं, आणि इंधन भरून तसंच परत यायचं. आर्माडिलोचा 2006 मध्ये प्रयत्न फसला, 2007 मध्ये हातातोंडाशी आलेला घास गेला, 2008 मध्ये मात्र त्यांनी 3,50,000 डॉलर जिंकले. दुसऱ्या लेव्हलला 2009 मध्ये मास्टेन नावाच्या छोट्या कंपनीने त्यांना मागे टाकलं, कारण त्यांचं यान ठरलेल्या जागेपासून सरासरी 19 सेंटीमीटरवर उतरलं, आर्माडिलोचं 87 सेंटीमीटरवर. मला तर दोन्ही आकडे थक्क करणारेच वाटतात, एवढ्याशा टीम होत्या या!

स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटचं गणित तर याहून अवघड. इंधन संपत आलेला त्याचा बूस्टर, म्हणजे परत उतरणारा खालचा भाग, इतका हलका झालेला असतो की एकच इंजिन कमीत कमी जोरावर चालवलं तरी तो परत वर जाईल, म्हणजे हवेत थांबून, जागा बघून, निवांत उतरायची सोयच नाही. वेग शून्य व्हायची वेळ आणि जमिनीला टेकायची वेळ एकच असावी लागते. डिसेंबर 2015 मध्ये हे पहिल्यांदा जमलं. कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा रॉकेट उडवायचा गेम खेळणारे याला सुसाइड बर्न म्हणतात आणि तासन्‌तास त्याचा सराव करतात. हा गेम मला मनापासून आवडतो, कक्षा म्हणजे काय, पुढच्या यानाला गाठायला कधी कधी वेग कमी का करावा लागतो, हे पुस्तकापेक्षा त्यात पटकन डोक्यात शिरतं. पण त्यात रॉकेट इंजिन बटण दाबताक्षणी पेटतं आणि हवं तितक्या वेळा पेटतं. फाल्कनच्या खऱ्या मर्लिन इंजिनाला पेटायला वेगळं रसायन लागतं. फेब्रुवारी 2018 मध्ये तीन बूस्टरच्या फाल्कन हेवी रॉकेटच्या मधल्या बूस्टरमध्ये ते पुरलं नाही, उतरताना तीनपैकी दोन इंजिनं पेटलीच नाहीत आणि तो ताशी सुमारे 480 किलोमीटर वेगाने समुद्रावर आदळला. अशा वेळी सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी काय करणार!

आर्माडिलोचं काम 2013 मध्ये थंडावलं आणि त्याच वर्षी कारमॅक ऑक्युलसमध्ये गेला, व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा स्क्रीन, बनवायला. तिथेही लॅगशीच गाठ, डोकं वळवल्यावर चित्र उशिरा वळलं की माणसाला मळमळायला लागतं, त्यामुळे डोकं हलल्यापासून साधारण 20 मिलिसेकंदांच्या आत नवीन चित्र डोळ्यांसमोर यायला हवं, आणि एवढ्याशा वेळात सेन्सर वाचणं, गणित करणं, चित्र काढणं, स्क्रीन पेटवणं सगळं उरकायचं असतं.