शेजारच्या फुलाचा रंग चढत नाही

"पांढऱ्या गुलाबाशेजारी तांबडा लावू नगंस, रंग चढतोय!" तांबडा-पांढरा शेजारी न ठेवण्याचा सल्ला, आणि तोही कोल्हापुरात! रंग चढत नाही. पाकळ्या त्या झाडाच्याच असतात. शेजारचे परागकण आले तरी मिसळण होते ती बियांत. तांबड्या-पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुलं येतात, पण पुढच्या पिढीला.

मग कलमी गुलाबाचा रंग 'बदलतो' कसा? डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या, जागेखालून खुंटाची (ज्या झाडावर कलम बांधलं त्याची) रानटी फूट जोर धरते आणि कलम दबून जातं. ती फूट बुडातून काढा.

बाकी रंग बिनधास्त जुळवा. केशरी झेंडूशेजारी निळी गोकर्ण झकास उठून दिसते. तांबडं-गुलाबी भांडतंय वाटलं, तर मधे पांढरी सदाफुली लावा.