टिंपनीवाल्याचं वाळवंट

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' सुरू होतो तेव्हा पडद्यावर काहीच नसतं. काळोखात आधी टिंपनी, म्हणजे वाद्यवृंदातले मोठे नगारे, कडाडतात आणि मग तंतुवाद्यांवर ती प्रसिद्ध धून पसरते. संगीतकार मोरिस जार मुळात तालवाद्यं वाजवणारे होते, हे ठाऊक असलं की त्या दणक्याचा उगम कळतो.

जार यांचा जन्म १९२४ चा, फ्रान्समधल्या ल्यों शहरातला. इंजिनिअरिंग शिकायला ते पॅरिसला गेले आणि ते सोडून तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीतविद्यालयात, तालवाद्यं शिकू लागले. संगीतरचनेचे धडे संगीतकार आर्थर ओनेगेर यांच्याकडे घेतले. युद्धानंतर रनो-बारो नाटक कंपनीत ते तालवाद्यं वाजवत, तर तिथेच पुढे संगीतकार म्हणून गाजलेले तरुण पियेर बुलेझ 'ओंद मार्तनो' वाजवत. १९२८ साली लोकांसमोर आलेलं हे विजेवरचं वाद्य माणूस गुणगुणल्यासारखं बोलतं. जार यांनी पुढे ते वाद्य कधी सोडलं नाही.

त्यांची खरी शाळा मात्र नाट्यदिग्दर्शक झाँ विलार यांची. विलार यांच्या 'थिएटर नॅशनल पॉप्युलेर'साठी त्यांनी सुमारे बारा वर्षं नाटकांना संगीत दिलं. नाटकात संवादाच्या आड यायचं नसतं, चार-दोन वाद्यांत वातावरण उभं करायचं असतं. आविन्याँच्या नाट्यमहोत्सवासाठी त्यांनी बांधलेले तुतारीचे सूर तिथल्या राजवाड्याच्या अंगणात प्रयोगाआधी आजही वाजतात. आपल्याकडच्या तिसऱ्या घंटेसारखेच.

चित्रपटात ते १९५२ मध्ये आले, जॉर्ज फ्रांज्यू यांच्या एका माहितीपटातून. दहा वर्षांनी निर्माते सॅम स्पीगल यांनी त्यांना लॉरेन्ससाठी बोलावलं, पण दुय्यम म्हणून. अरबी भागाला सोव्हिएत संगीतकार खाचातुरियान, इंग्रजी भागाला इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन आणि उरलंसुरलं जार, असा बेत होता. ते दोघे आले नाहीत. मग अमेरिकन संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांच्या धुना मागवल्या, त्या दिग्दर्शक डेव्हिड लीन यांना रुचल्या नाहीत. जार यांनी स्वतःची धून वाजवून दाखवली आणि काम त्यांच्याकडे आलं. हाताशी होते जेमतेम सहा आठवडे! त्या संगीताला ऑस्कर मिळालं.

'डॉक्टर झिवागो'च्या वेळी (१९६५) बाललाइका हे रशियन तंतुवाद्य हवं होतं. लॉस एंजेलिसच्या एका रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमधून वादक मिळाले, पण त्यांना स्वरलिपी वाचता येईना. जार यांनी धून कानांनीच त्यांच्या गळी उतरवली. नायिका लाराचं ते वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठेक्यांची नृत्यधून, जगभर गाजलं आणि दुसरं ऑस्कर आलं.

टीव्हीचं काम संख्येने कमी, पण आकाराने दांडगं: 'जीझस ऑफ नाझरेथ' (१९७७) आणि १९८० मध्ये अमेरिकेत सलग पाच रात्री दाखवलेली 'शोगन'.

तिसरं ऑस्कर 'अ पॅसेज टू इंडिया'चं (१९८४). भारतावरचा चित्रपट म्हटल्यावर सतारीचा मोह कुणालाही झाला असता. इथे संगीत धरून बसतं ते अडेला या तरुणीचं अस्वस्थ मन. सायकलवरून एकटीच भटकत ती जुन्या देवळाच्या अवशेषांपाशी पोचते, तो प्रसंग ऐकावा. त्या वर्षी मोझार्टवरच्या 'अमेडिअस'ने बक्षिसं लुटली होती. तेव्हा व्यासपीठावर जार म्हणाले की, यंदा मोझार्ट स्पर्धेत नव्हता, हे माझं नशीब.

याच सुमारास ते सिंथेसायझरकडे वळले होते. मुलगा झाँ-मिशेल १९७६ च्या 'ऑक्सिजेन'पासूनच त्या वाद्यांवर नाव कमावून होता. बापाने मात्र ती वाद्यं भलत्याच ठिकाणी नेली. 'विटनेस'मध्ये (१९८५) विजेपासून लांब राहणारे आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक सगळे मिळून लाकडी कोठार उभारतात, आणि त्यामागचं संगीत अख्खं विजेवरचं! मला जार यांचा हाच प्रसंग सगळ्यांत आवडतो.

फेब्रुवारी २००९ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्यांचा मानाच्या गोल्डन बेअरने गौरव झाला आणि २८ मार्चला ते गेले. बातमी येताच डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने विकिपीडियावर त्यांच्या नावाने एक बनावट वाक्य घुसडलं. मरताना माझ्या डोक्यात, फक्त मलाच ऐकू येणारं एक शेवटचं वॉल्ट्झ वाजत असेल, अशा अर्थाचं. लाराची धून बांधणारा माणूस असं म्हणूच शकतो, असं कुणालाही वाटलं असतं. ब्रिटनपासून भारतापर्यंतच्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी ते छापलं, आणि महिनाभराने त्या मुलाने स्वतःहून कळवेपर्यंत ते तसंच राहिलं.