वीजप्रणाली व उच्चदाब अभियांत्रिकी : ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात

वीजनिर्मिती केंद्रापासून ग्राहकाच्या मीटरपर्यंत पसरलेल्या जाळ्याचा अभ्यास करणारी विद्युत अभियांत्रिकीची शाखा. तिचे दोन भाग मानले जातात. वीजप्रणालीत जाळ्याचे गणित येते : कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहील, दोष झाला तर किती प्रवाह उसळेल, एक वीजनिर्मिती संच अचानक बंद पडला तर बाकीचे संच एका लयीत फिरत राहतील का. उच्चदाब अभियांत्रिकीचा विषय विद्युतरोधन हा आहे : हवा, तेल, चिनीमाती, कागद हे पदार्थ किती दाब (व्होल्टेज) सोसतात आणि कोणत्या परिस्थितीत दगा देतात. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात हे दोन वेगळे पेपर असतात आणि पुष्कळ विद्यार्थी ते वेगळेच समजून पास होतात. विदर्भातल्या एखाद्या वावरात मात्र दोन्ही एकत्र भेटतात. डोक्यावरून लाखो व्होल्टची लाइन गेलेली असते आणि धुऱ्यावरच्या डीपीला (छोट्या रोहित्राला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला) पंप फिरवण्याइतकाही दाब नसतो.

या विसंगतीचे मूळ भूगोलात आहे. वर्धा खोऱ्यात आणि नागपूर परिसरात कोळसा आहे, म्हणून औष्णिक केंद्रे इथे आली. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचे, खापरखेडा 1340, पारस 500, मौदा 2320 आणि तिरोडा 3300 मेगावॉटचे. कोराडीला 660 मेगावॉटचे तीन संच आहेत. विजेची मोठी मागणी मात्र मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पश्चिमेकडच्या पट्ट्यात. त्यामुळे विदर्भातल्या मोठ्या वाहिन्यांचा बराचसा ओघ पूर्वेकडून पश्चिमेकडे आहे.

दाब का वाढवायचा, याचे उत्तर साध्या हिशेबात मिळते. 100 मेगावॉट वीज 11 केव्हीवर (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्ट) नेली तर त्रिकला (थ्री-फेज) तारेत सुमारे 5,250 अँपिअर प्रवाह लागतो. 400 केव्हीवर तीच वीज 144 अँपिअरमध्ये जाते. तारेतली उष्णतेची हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने त्याच तारेतली हानी तेराशे पटींहून अधिक घटते. म्हणून तिरोडा–कोराडी–अकोला–औरंगाबाद ही वाहिनी 765 केव्हीची आहे. 400 केव्हीची वाहिनी तिच्या स्वाभाविक क्षमतेवर सुमारे 500 मेगावॉट वाहते, तर 765 केव्हीची 2,200 मेगावॉटच्या आसपास. भार फार कमी असला की उलटा प्रकार होतो. लांब वाहिनीची स्वतःची धारिता (विद्युतभार साठवण्याचा गुण) दाब चढवते आणि पलीकडच्या टोकाला अलीकडच्यापेक्षा जास्त व्होल्टेज दिसते. याला फेरांटी परिणाम म्हणतात. तो दाबून ठेवण्यासाठी 765 केव्हीच्या उपकेंद्रांत मोठाले रिअॅक्टर (चढता दाब आवरणाऱ्या गुंडाळ्या) बसवलेले असतात.

चंद्रपूर ते पडघे (ठाणे जिल्हा) ही ±500 केव्हीची एकदिश (डीसी) वाहिनी या अभ्यासात स्वतंत्र धडा ठरावी अशी आहे. 1999 मध्ये सुरू झालेली ही सुमारे 750 किलोमीटरची वाहिनी 1500 मेगावॉट वाहून नेते. एकदिश वाहिनीला प्रतिक्रियात्मक शक्तीची, म्हणजे काम न करता तारेत नुसती ये-जा करणाऱ्या शक्तीची, कटकट नसते आणि दुहेरी एसी वाहिनीच्या सहा तारांऐवजी दोन ध्रुवांवर काम भागते. पण दोन्ही टोकांना एसीचे डीसी आणि डीसीचे एसी करणारी थायरिस्टरची (अर्धवाहक स्विचांची) रूपांतरण केंद्रे लागतात आणि ती महाग असतात. भद्रावतीला आणखी एक नमुना आहे. तिथे दोन्ही रूपांतरण केंद्रे पाठीला पाठ लावून एकाच आवारात उभी आहेत, मधे वाहिनीच नाही. पश्चिम आणि दक्षिण विभागांची जाळी वेगवेगळ्या लयीत चालत असताना त्यांच्यात 1000 मेगावॉटपर्यंत देवाणघेवाण व्हावी म्हणून ती उभारली. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर 765 केव्ही वाहिनीने दोन्ही विभाग एका लयीत जोडले गेले.

आमच्या वावरातून एवढी लाइन गेली, मग आम्हाला त्यातली का देत नाही, हा गावोगाव विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे. उत्तर तांत्रिक आहे, पण त्याने समाधान होतेच असे नाही. 765 केव्हीची वीज पंपाच्या 400 व्होल्टपर्यंत उतरवायची तर 400, 220, 132, 33 आणि 11 केव्ही अशा पायऱ्या लागतात, आणि प्रत्येक पायरीला रोहित्र, ब्रेकर, रिले (दोष ओळखून ब्रेकरला इशारा देणारे उपकरण) आणि जागा. एकदिश वाहिनीतून मधेच एखाद्या तालुक्यापुरती वीज काढायची तर तिथे रूपांतरण केंद्रच उभारावे लागेल. वरची वाहिनी आणि खालची डीपी विजेच्या हिशेबात शेजारी नाहीतच. कास्तकाराच्या वाट्याला मनोऱ्याच्या पायाची जागा आणि तारेखालचा पट्टा तेवढा येतो. 400 केव्हीसाठी हा पट्टा 46 मीटर किंवा त्याहून थोडा जास्त रुंद असतो. त्यात कापूस, तूर, हरभरा घेता येतो. धुऱ्यावरचे साग तोडावे लागतात. केंद्र सरकारच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी पायाच्या जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या 200 टक्के आणि पट्ट्यासाठी 30 टक्के मोबदला सुचवला. 2015 च्या सूचनांत हेच आकडे 85 आणि 15 होते.

गावाकडचे टोक

33/11 केव्ही उपकेंद्रातून 11 केव्हीचे फीडर (पुरवठ्याच्या वाहिन्या) निघतात आणि 63 किंवा 100 केव्हीए क्षमतेच्या डीपीवर संपतात. पाठ्यपुस्तकात या टोकाला 'भार' असे एक बाणाचे चिन्ह असते. त्या बाणात काय दडले आहे हे शेती फीडरवर रब्बीत कळते. वीज आठ तास, पाळीपाळीने दिवसा आणि रात्री. रात्री दोनला लाइन आली तर उठून वावरात कोण जाणार, तेही बिबट्या-वाघाच्या मुलखात? म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच लावलेला असतो. लाइन आली की डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात. प्रेरण (इंडक्शन) मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. दाब कोसळतो, कोसळलेल्या दाबावर मोटारी लवकर गती घेत नाहीत, म्हणून तो चढा प्रवाह अधिक काळ टिकतो. डीओचा (खांबावरच्या ड्रॉप-आउटचा) फ्यूज उडतो. फ्यूजऐवजी जाड तार बांधलेली असेल तर डीपी जळते. महावितरण ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा असे सांगत असते. कॅपॅसिटरने मोटरला लागणारी प्रतिक्रियात्मक शक्ती जागच्या जागी मिळते, तारेतला प्रवाह घटतो, टोकाचा दाब सुधारतो. सल्ला बरोबर आहे. रात्रीची पाळी आहे तोवर ऑटोस्विच निघणार नाही हेही तितकेच खरे.

दुसरा प्रकार सिंगल फेजिंगचा. तीनपैकी एक फेज गेला तरी कंडेन्सर लावून दोन फेजवर पंप चालवण्याची युक्ती गावातल्या कोणत्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याला ठाऊक असते. मोटर फिरते, पाणी येते, आणि काही दिवसांनी तीच मोटर त्याच्या दुकानात येते. कारण समजण्यासाठी विद्युत अभियंता फोर्टेस्क्यूने 1918 मध्ये मांडलेले सममित घटक हाताशी लागतात. असंतुलित त्रिकला प्रवाह तीन संतुलित संचांत विभागता येतो. त्यातला ऋण क्रमाचा संच मोटरमध्ये उलट्या दिशेने फिरणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. पुढे धावणाऱ्या रोटरला (मोटरच्या फिरत्या भागाला) ते क्षेत्र जवळजवळ 100 हर्ट्झचे भासते, त्याच्या सळ्यांत मोठे प्रवाह उठतात आणि मोटर तापते. जळालेल्या मोटरचे वेष्टन उघडले की काही गुंडाळ्या काळ्याठिक्कर आणि काही जवळपास कोऱ्या दिसतात. तीन फेज सारखेच तापले असते तर सगळे वेष्टन एकसारखे काळवंडले असते. सममित घटक शिकवताना फळ्यावर सदिश काढण्याआधी असे एक वेष्टन टेबलावर ठेवावे, असे या नोंदकर्त्याचे मत आहे.

डीपीच्या बाजूला काचेची एक कुपी लटकलेली असते, तो ब्रीदर. रोहित्र दिवसा तापते, रात्री निवते, आणि निवताना आत हवा ओढते. तिच्यातली ओल शोषायला कुपीत सिलिका जेल असते. कोरडे असताना निळे, भिजले की गुलाबी. पावसाळ्यात कुपी गुलाबी पडली आणि कोणी बदलली नाही की ओल तेलात उतरते. रोहित्राच्या तेलाची चाचणी 2.5 मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये घेतात. चांगल्या तेलाने 30 केव्ही तरी सोसलेच पाहिजेत. थोड्याशा ओलीने आणि कापसाच्या बारीक तंतूंनी हा आकडा झपाट्याने खाली येतो. उच्चदाब प्रयोगशाळेत हा सर्वांत साधा प्रयोग असतो आणि विदर्भात सर्वांत जास्त कामाचा.

हवा, ऊन आणि वीज कोसळणे

मनोऱ्याला तार टांगणाऱ्या विद्युतरोधक माळेत तबकड्या किती आहेत ते मोजले की वाहिनीचा दाब ओळखता येतो : 132 केव्हीला नऊ-दहा, 220 ला चौदाच्या आसपास, 400 ला तेवीसच्या आसपास. माळेत दाब सारखा वाटला जात नाही. तारेलगतच्या तबकडीवर सर्वाधिक ताण येतो, म्हणून तबकड्या दुप्पट केल्या तरी माळेची ताकद दुप्पट होत नाही.

एकसमान विद्युत क्षेत्रात, सामान्य वायुदाब-तापमानाला हवा दर सेंटीमीटरला सुमारे 30 केव्हीवर फुटते. हवेचे हे फुटणे, म्हणजे भंजन, तिच्या घनतेवर अवलंबून असते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पाशेनने 1889 मध्ये वायुदाब आणि अंतर यांच्या गुणाकाराशी त्याचा संबंध दाखवला. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 46 अंशांवर जातो तेव्हा हवेची घनता 20 अंशांच्या तुलनेत सुमारे 8 टक्क्यांनी घटते आणि भंजनाचा दाबही जवळपास तेवढाच उतरतो. त्याच उन्हात तारा लांबून झोल वाढतो आणि जमिनीपासूनचे अंतर कमी होते. 400 केव्हीच्या तारेसाठी हे अंतर 8.84 मीटरच्या खाली जाऊन चालत नाही. कापसाच्या बोऱ्यांनी उंच भरलेली गाडी तारेखालून नेताना हा आकडा कोणाच्या डोक्यात नसतो, म्हणूनच नियमात भरपूर जागा राखलेली असते.

आकाशातली वीज हा या विषयाचा सर्वांत उग्र भाग. प्रयोगशाळेत तिची नक्कल 1.2/50 मायक्रोसेकंदांच्या आवेग-लहरीने करतात : शिखर 1.2 मायक्रोसेकंदांत आणि निम्म्यावर 50 मायक्रोसेकंदांत. ही लहर जर्मन अभियंता एर्विन मार्क्सच्या 1924 च्या मंडलाने मिळते. धारित्रे (कॅपॅसिटर) समांतर भरायची आणि ठिणगीसरशी एकसरीत रिकामी करायची. प्रत्यक्ष वाहिनीवर सारे मनोऱ्याच्या अर्थिंगवर येऊन ठेपते. ढोबळ हिशेबाने 30 किलोअँपिअरची वीज मनोऱ्यावर पडली आणि पायाचा रोध 10 ओहम असला तर मनोऱ्याचा दाब 300 केव्ही चढतो. 132 केव्हीच्या प्रणालीचे आवेग-रोधन (असा क्षणिक दाब सोसण्याची क्षमता) 650 केव्हीचे असल्याने ती तगते. रोध 30 ओहम झाला की 900 केव्ही, आणि ठिणगी मनोऱ्याकडून उलटी तारेवर उडी मारते. पश्चिम विदर्भातली काळी माती ओली असताना उत्तम वाहक असते. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि रोध वाढतो. पूर्वेकडे गडचिरोली-भंडाऱ्याच्या खडकात तो मुळातच जास्त. पहिल्या वादळी पावसात, वरची माती नुकती भिजलेली आणि खालची कोरडीच असताना, वीज सर्वांत जास्त कोसळते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून त्यात उन्हाळाभर पाणी ओतायला सांगतात ते याचसाठी.

पावसात विजेच्या खांबाजवळ बैल मरतो आणि शेजारचा माणूस वाचतो, हे गावात पाहिलेले असते. खांबातून जमिनीत गळणारा प्रवाह पसरताना जमिनीवर ठिकठिकाणी वेगळा दाब निर्माण करतो. दोन पावलांमधल्या फरकाला पायरी-दाब म्हणतात. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत माणसाच्या पावलापेक्षा अंतर जास्त, आणि प्रवाहाची वाट हृदयावरून जाते. माणसाने अशा जागेवरून पाय जुळवून, अगदी छोटी पावले टाकत दूर व्हावे.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी लावली जाणारी झटका मशीनही उच्चदाबाचेच उपकरण आहे. ती कुंपणाच्या तारेत हजारो व्होल्टचे स्पंद सोडते, पण स्पंद काही मिलिसेकंदांपेक्षा कमी काळाचा, साधारण सेकंदाला एक, आणि त्यातली ऊर्जा काही ज्यूलपुरती मर्यादित. जनावर दचकते, मागे सरते. 230 व्होल्टची लाइन थेट कुंपणात सोडली तर दाब कितीतरी कमी असूनही ती प्राणघातक ठरते. 50 हर्ट्झचा 10-20 मिलिअँपिअर प्रवाह स्नायू आखडवतो, हात सुटत नाही, आणि प्रवाह वाहतच राहतो. अशा कुंपणांनी वाघही मेले आहेत आणि कुंपण लावणाऱ्यांची घरची माणसेही. तो कायद्याने गुन्हा आहे.

शिक्षणाच्या वाटा

आयटीआयमधून वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन होऊन महावितरणात विद्युत सहायक व्हायचे, ही खेड्यातल्या मुलांची सर्वांत ओळखीची वाट. पदवीसाठी नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (स्थापना 1960), अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (1964), शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय (1983) ही जुनी ठिकाणे. नागपुरात राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्थेचे केंद्र आहे, आणि अंबाझरीला राज्याचे क्षेत्रीय भारप्रेषण केंद्र (लोड डिस्पॅच सेंटर). विद्यार्थ्यांनी सहलीला कोराडीच पाहावे असा प्रघात पडला आहे. चिमणी, बॉयलर, टर्बाइन पाहून मुले परततात. 33/11 केव्हीचे उपकेंद्र गावाच्या वेशीवर असूनही तिथला रिले कोणत्या प्रवाहावर आणि किती वेळाने लाइन तोडतो हे विचारायला सहसा कोणी जात नाही. दोष-विश्लेषणाचे खरे उदाहरण तिथल्या लॉगबुकात असते.

2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली अशा उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहू लागले, म्हणजे शेती फीडरला दिवसा वीज देता यावी. त्यामुळे एकाच दिशेने वीज वाहते असे गृहीत धरून लावलेले जुने रिले पुन्हा तपासावे लागतात. पावसाळ्यात पंप बंद आणि ऊन कडक असले की वीज 11 केव्हीकडून 33 केव्हीकडे उलटी चढते आणि ज्या फीडरच्या टोकाला एरवी दाब मिळत नाही तिथे तो नको इतका वाढतो.