निष्ठा वेगळी, व्हिप वेगळा

हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात वर्धा रोडपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत फलक लागतात, आणि त्यांवर एक शब्द हमखास असतो: 'निष्ठावंत'. इतवारीतल्या आमच्या गल्लीत या शब्दावरून दरवर्षी वाद रंगतो. आमदाराने पक्षाचा आदेश पाळला तर निष्ठावंत, मोडला तर गद्दार, असा हिशेब. मला तो पटत नाही. त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे.

आधी व्हिप, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, पाहू. १९६७ साली हरियाणाचे आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग रूढ झाला. अशा कोलांटउड्या थांबवायला १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आली. स्वतःहून पक्ष सोडला, किंवा पक्षादेशाविरुद्ध मत दिलं अथवा मतदानाला गैरहजर राहिलात आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होतं, ते २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने गेलं. दोन तृतीयांशांच्या संमतीने दुसऱ्या पक्षात होणाऱ्या विलीनीकरणाची वाट मात्र राहिली. एकट्याने केलं तर अपात्रता, दोन तृतीयांशांनी मिळून केलं तर विलीनीकरण! डोकी मोजून ठरणाऱ्या या गोष्टीला शिस्त म्हणा, हवं तर. सरकार टिकायला ती लागतेच, हेही खरं.

निष्ठा कुठे सांगितली आहे? शपथेत. १५ डिसेंबर २०२४ ला इथल्याच राजभवनात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. संविधानाबद्दल खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगीन, असं त्या शपथेत आहे. आमदारांच्या शपथेतही तेच. पक्षाचं किंवा नेत्याचं नाव त्यात कुठेच येत नाही.

आपल्याकडे निष्ठा म्हटलं की खाल्ल्या मिठाला जागणं आठवतं. जागावंच. पण आमदाराचं मीठ कोणाचं? वेतन आणि निवृत्तिवेतन दोन्ही राज्याच्या तिजोरीतून येतात, म्हणजे तुमच्याआमच्या करातून. तिकीट देणाऱ्याचे उपकार असतील, पण ते फेडायला सभागृहातलं मत देऊन टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ज्यांच्या धम्मदीक्षेने या शहराला दीक्षाभूमी दिली, त्या बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं: धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

मग आदेश मोडणारा प्रत्येक जण निष्ठावान? मुळीच नाही. 'अंतरात्म्याचा आवाज' म्हणून दुसऱ्या दिवशी मंत्रिपद घेणारे आपण पाहिले आहेत. मी दोन गोष्टी बघतो: विरोध आधी उघडपणे मांडला होता का, आणि त्यापायी स्वतःचं काही सोडलं का.

काँग्रेसचे नेते चित्तरंजन दास यांचं उदाहरण मला म्हणूनच मोठं वाटतं. सप्टेंबर १९२० मध्ये काँग्रेसच्या कलकत्त्याच्या अधिवेशनात त्यांनी गांधीजींच्या असहकार ठरावाला विरोध केला. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात चर्चेअंती मतभेद मिटले आणि असहकाराचा ठराव त्यांनीच मांडला. १९२२ ला ते गया इथल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. कायदेमंडळात जाण्याची त्यांची भूमिका तिथे हरली. त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि मोतीलाल नेहरूंसह स्वराज्य पक्ष काढला, पण काँग्रेसमध्ये राहूनच.