युर्मालातली घरं कुणाची? बाल्टिक किनाऱ्यावरच्या एका गावाची पार्श्वभूमी

लाटवियाची राजधानी रिगाला गेलेले बरेच जण सकाळची लोकल पकडून अर्ध्या तासात युर्मालातल्या माजोरीला उतरतात, बीचवर चक्कर, योमास रस्त्यावर जेवण आणि संध्याकाळी परत. पण चालताना दिसतं की कोरीव नक्षीच्या लाकडी बंगल्याला लागून काचेचा नवा अपार्टमेंट ब्लॉक आहे आणि त्याच गल्लीत एखादं घर फळ्या ठोकून बंद. हे असं का, ते कळायला इथली घरं कुणाकडून कुणाकडे गेली ते बघावं लागतं.

जुना भाग थोडक्यात सांगतो. 1838 मध्ये केमेरीला (आता युर्मालाचाच भाग) गंधकाच्या पाण्याचे सरकारी उपचार सुरू झाले, 1877 मध्ये रिगा-टुकुम्स रेल्वे आली आणि लिएलुपे नदी आणि रिगाचं आखात यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत उन्हाळी बंगले भराभर उठले. पहिल्या महायुद्धात बरीच पडझड झाली, मग स्वतंत्र लाटवियाची वीस-बावीस वर्षं, त्यातच 1936 चं केमेरीचं पांढरंशुभ्र हॉटेल.

सोव्हिएत काळात बंगले सरकारजमा झाले. कुठे कामगार संघटनांचं विश्रामगृह, कुठे एकाच घरात चार-पाच कुटुंबं, आणि समुद्राकडेला काँक्रीटची मोठमोठी सॅनिटोरियम्स. 1959 मध्ये आजूबाजूची गावं जोडून आजचं युर्माला शहर झालं आणि सगळ्या सोव्हिएत युनियनमधून लोक सुट्टीला येऊ लागले. 1991 मध्ये लाटविया पुन्हा स्वतंत्र झाल्यावर घरं 1940 च्या आधीच्या मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत द्यायची ठरली, न्याय म्हणून ते बरोबरच होतं, पण आत भाडेकरू राहत होते आणि लाकडी घर सांभाळायचा खर्च प्रचंड, त्यामुळे कित्येक वारसांना विकण्यावाचून इलाज नव्हता.

आणि इथेच 2010 चा तो निर्णय येतो ज्यावरून अजून वाद होतात. 2008 मध्ये देशातली एक मोठी बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली, बाहेरून 7.5 अब्ज युरोची मदत मंजूर करून घ्यावी लागली, घरांचे भाव कोसळले. मग कायदा बदलला: परदेशी माणसाने रिगा परिसरात किंवा मोठ्या शहरात किमान 1 लाख लाट्सची (लाट्स म्हणजे तेव्हाचं लाटवियाचं चलन, साधारण 1.42 लाख युरो), आणि इतरत्र 50 हजार लाट्सची प्रॉपर्टी घेतली की पाच वर्षांचा निवास परवाना, म्हणजे शेंगेन देशांत (आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेले युरोपातले देश) व्हिसाशिवाय फिरायची सोय. घेणाऱ्यांत सगळ्यात जास्त रशियन होते आणि त्यांना युर्माला आधीपासून ओळखीचं, आवडतं. समर्थक म्हणायचे की पैसा आला, बांधकामाला काम मिळालं, आणि ते खरंच आहे, तेव्हा देशाला पैशाची गरज होतीच. पण माझ्या मते किंमत गावाने मोजली, कारण वर्षातले काही आठवडे वापरायच्या घरांसाठी भाव ठरायला लागले आणि इथे बारा महिने राहणाऱ्या, रिगात नोकरी करणाऱ्या कुटुंबाचा विचार मागे पडला. परवाना देताना लाकडी घर दुरुस्त करायची अट घातली असती तर निदान ते बंगले तरी सुधारले असते असं मला मनापासून वाटतं.

1 सप्टेंबर 2014 पासून परवान्यासाठीच्या खरेदीची किमान मर्यादा अडीच लाख युरो झाली. त्याच उन्हाळ्यात रशियाने क्रिमिया ताब्यात घेतल्याच्या प्रकरणावरून तीन रशियन कलाकारांना लाटवियात प्रवेशबंदी झाली आणि 2002 पासून इथे भरणारी 'न्यू वेव्ह' ही मोठी रशियन गाण्यांची स्पर्धा 2015 मध्ये सोचीला गेली, हॉटेलवाल्यांचा भर सीझनचा धंदाही तिच्याबरोबर गेला. 2022 मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियन आणि बेलारूसी नागरिकांना गुंतवणुकीवरचे नवे परवाने बंद झाले.

उन्हाळ्यात बाहेरची गाडी शहरात आणली तर एंट्री फी लागते, लोकलने आलात तर नाही. जमलं तर माजोरीला न थांबता केमेरीपर्यंत जा, गंधकाचा वास आवडेलच असं नाही पण हे सगळं तिथूनच सुरू झालं.