जाळ्यांवर निर्बंध आले कसे?

गेल्या रविवारी जुन्या नाशकातल्या मासळी बाजारात पापलेटाचे वाटे मांडले होते. एकेक पापलेट माझ्या तळहाताएवढंही नव्हतं. "मोठं नाही का हो मावशी?" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "गाडीत हेच आलं, ताई. मोठं आता येतंच कुठे!"

पापलेट हा आपला राज्यमासा. २०२३ च्या सप्टेंबरात त्याला तो मान मिळाला आणि त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबीही राज्याने ठरवून दिली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे पोस्टकार्डाच्या लांबीपेक्षा जेमतेम कमी. त्या वाट्यातली कितीतरी पापलेटं पोस्टकार्डावर ठेवली असती, तर दोन्हीकडे कागद उरला असता. एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू कसारा घाट चढून आपल्या ताटात येतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. समुद्राचं आपल्याला काय, असं नाशिककरांनी म्हणू नये. त्र्यंबकच्या डोंगरात उगवणारी वैतरणा अर्नाळ्याजवळ समुद्रालाच मिळते, आणि आपल्या आठवडे बाजारातलं सुकट-बोंबीलही त्याच किनाऱ्यावरून येतं.

हे निर्बंध वरून लादलेले आहेत, असं अनेकांना वाटतं. त्यांची सुरुवात मात्र होडीवाल्यांच्या तक्रारीतून झाली. निर्यातीच्या कोळंबीसाठी साठ-सत्तरच्या दशकांत यांत्रिक ट्रॉलर वाढले. समुद्राचा तळ खरवडत जाणारं त्यांचं जाळं किनाऱ्यालगत येऊ लागलं आणि छोट्या मच्छीमारांची जाळी फाटू लागली. गोव्यात किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांनी मोठं आंदोलन उभारलं. माथानी साल्ढाणा त्याचे नेते होते. केरळातही संघर्ष पेटला. केंद्राने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली आणि १९७९ मध्ये नमुना विधेयक राज्यांकडे पाठवलं. गोवा आणि केरळने १९८० मध्ये कायदा केला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, त्यापुढची केंद्राच्या. ट्रॉलरसाठी खोलीची हद्दही वावांत ठरली: कुठे पाच वाव, कुठे दहा. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट, पसरलेल्या दोन हातांएवढा. कोळ्यांचं हे माप सरकारी आदेशात आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरी वाट वन्यजीव कायद्याची. निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झालं, ते आपल्याला ठाऊक आहे. त्याच कायद्याखाली पुढच्याच वर्षी, १३ एप्रिल १९८७ रोजी, मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचं हे पाणी. इथे प्रवाळ आहेत. पण स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, आणि त्यांची भीती समजण्यासारखी होती. ट्रॉलर कुठेही जाऊ शकतो. रापणवाल्याचा समुद्र मात्र त्याच्या गावापुढचाच. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घेऊन परत येते, मग दोन्ही टोकांचे दोर धरून गावातली पन्नासेक माणसं ते किनाऱ्यावर ओढतात आणि मासळीचे वाटे पाडतात. ज्या पाण्यावर पोट आहे तेच बंद होणार, असं त्यांना वाटलं. ज्यांच्यामुळे समुद्र ओरबाडला जात होता ते एकीकडे आणि ज्यांच्याशी आधी बोलायला हवं होतं ते दुसरीकडे, हा फरक तेव्हा नीट केला गेला नाही, असं माझं मत आहे.

२०११ नंतर सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने झालेल्या प्रकल्पात सूर बदलला. तिथे चौकोनी आसाच्या, म्हणजे चौकोनी छिद्रांच्या, जाळ्यांचा प्रसार झाला. गोष्ट साधी आहे. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्यासारखा तिरपा असतो, ओढ बसली की मिटतो आणि पिल्लंही आत अडकतात. चौकोनी आस ताणल्यावरही उघडा राहतो. शेपटाकडच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा असा आस लावला की लहान मासा निसटतो.

तोवर भांडण पर्ससीनवर येऊन ठेपलं होतं. हे जाळं माशांच्या थव्याभोवती गोल टाकतात आणि तळाची दोरी ओढून बटव्यासारखं आवळतात. अख्खा बांगड्याचा थवा एका खेपेत वर येतो, मग रापणीला उरतं काय? डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला: पर्ससीन फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे. पुढे रात्री प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करणं वाढलं. १२ मैलांपलीकडच्या पाण्यात केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली.

आदेश निघाले, पण दंड इतका किरकोळ होता की एका फेरीच्या कमाईत तो सहज भरला जाई. शिवाय प्रकरणं तहसीलदारांपुढे चालत, ज्यांच्या टेबलावर आधीच शंभर कामं. २०२१ च्या दुरुस्तीने हे अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि एलईडी मासेमारीचा दंड पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत वाढला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजरही आहे.

ड्रोनला समुद्रातली बोट दिसते. बंदरावर बर्फ टाकून बंद झालेला थर्माकोलचा खोका नाशकात उघडेपर्यंत त्यातल्या पापलेटाची लांबी मोजणारं कुणी भेटत नाही. मावशींच्या पाटीवर वजनाचा काटा होता, पट्टी नव्हती. मी त्या दिवशी बांगडे घेतले.